बाबांनी जागा मागितली

बाबांचा कुठेही सत्कार झाला की भाषण करणारा माणूस एक वाक्य हमखास म्हणतो. "सुधाकररावांना पदाची हाव कधीच नव्हती. समाजाच्या आग्रहाखातर ते बँकेची नोकरी सोडून राजकारणात आले." टाळ्या पडतात. बाबा मान खाली घालून शालीच्या काठाशी चाळा करत बसतात आणि मी पहिल्या रांगेत ओठ चावते. कारण हे साफ खोटं आहे. समाजानं काडीचा आग्रह केला नव्हता. आग्रहाची वाट बघत बसल्यामुळेच तर हातातोंडाशी आलेला घास गेला होता. आता माझ्याही केसांत पांढरं दिसायला लागलंय, बाबांना ऐकू कमी येतं, आणि खरं काय घडलं हे माहीत असलेली माणसं थोडी उरली आहेत. म्हणून ते लिहून ठेवते. बाबांना आवडणार नाही कदाचित. आईला नक्की आवडेल.

आमचं घर ओहायोतल्या डब्लिनमध्ये, कोलंबस शहराला चिकटलेल्या उपनगरात. मागे एक तळं होतं. तळं आपलं कौतुकानं म्हणायचं. पावसाचं पाणी साठावं म्हणून बिल्डरनं खणलेला खड्डा तो. पण त्यावर थंडीच्या आधी रानहंसांचे थवे उतरायचे आणि सकाळी त्यांच्या भसाड्या ओरडण्यानंच आम्ही जागे व्हायचो. हंस म्हणजे सरस्वतीचं वाहन, म्हणून आईनं पहिल्या वर्षी त्यांना पोळीचे तुकडे घातले. दुसऱ्या वर्षी अंगणभर पडलेली घाण धुताना तिची भक्ती आटली. संध्याकाळी माझ्या शाळेच्या मैदानावरून बँडच्या सरावाचे ढोल ऐकू यायचे. स्वयंपाकघरात आईची फोडणी, मराठी नाट्यगीतांची कॅसेट, आणि फोडणी जास्त झाली की छताला लावलेल्या धुराच्या अलार्मची बोंब. तो अलार्म बंद करायला बाबा झाडू घेऊन धावायचे. आई पुण्याची, बाबा वर्ध्याजवळच्या एका खेड्यातले. ती कोथिंबीर म्हणायची, ते सांबार म्हणायचे. दर रविवारी बाबा स्वतः सांबारवडी करायचे, शेंगदाणे-खोबरं-खसखशीचं सारण भरून, आणि स्वयंपाकघराचा असा काही उकिरडा करायचे की आई वडी खाता खाता ओटा पुसत राहायची. "पदार्थ छान झालाय, पण तुम्ही केलात की दोन दिवस निस्तरावं लागतं," हे तिचं ठरलेलं प्रशस्तिपत्र.

बाबा शिकायला म्हणून अमेरिकेत आले आणि शिकता शिकता एका छोट्या बँकेच्या काउंटरवर उभे राहिले. मग कर्ज खात्यात टेबल मिळालं, मग काचेची खोली. एके दिवशी ते व्हाइस प्रेसिडेंट झाले. आईनं पुण्याला फोन करून पेढे वाटायला सांगितले. पुढे कळलं की त्या बँकेत फिरत्या खुर्चीवर बसणारा प्रत्येक माणूस व्हाइस प्रेसिडेंट होता. सगळे त्यांना 'सुधा' म्हणत. हे ऐकून आईला हसू आवरत नसे, कारण तिच्या थोरल्या बहिणीचं नाव सुधा. पण बाबांचा गावात वट होता. बेकरीवाला, गॅरेजवाला, शहराबाहेरचे मका लावणारे शेतकरी, सगळे त्यांच्याकडे कर्जाला यायचे. बाबा ज्यांना नाही म्हणत त्यांनाही तासभर बसवून का नाही ते समजावून सांगत. दुकानात भाजी घेताना अशी माणसं भेटायची आणि कर्ज न मिळाल्याबद्दल त्यांचे आभार मानायची. मला त्या वयात हे फार विचित्र वाटे.

आता आग्रहाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरी पाहुण्यानं पहिल्यांदा म्हटलेलं 'नको' कोणी ऐकतच नसे. पाहुणा पानावर आडवा हात धरी, आई त्या हाताच्या फटीतून पुरी सोडी. पहिल्या वेळी जो घेईल तो हावरट, आणि एकदाच विचारून जी थांबेल ती यजमानीण कंजूष. दोन्ही बाजूंना हे पाठ असायचं, त्यामुळे कोणी उपाशी राहत नसे. आमच्या मराठी मंडळाचा कारभारही याच चालीवर चाले. मंडळाचे अध्यक्ष होते डॉक्टर काका. ते हृदयाचे मोठे डॉक्टर, सगळ्यांच्या आधी इकडे आलेले, आता निवृत्त. दरवर्षी गणपतीनंतर सभा भरे आणि डॉक्टर काका उभे राहून सांगत की यंदा तरुणांनी पुढं यावं, मला मोकळं करा. लोक म्हणत, नाही नाही, तुम्हीच. काका मान हलवत. लोक पुन्हा म्हणत. काका छातीवर हात ठेवून म्हणत, "तुमचा शब्द मोडवत नाही," आणि पुन्हा अध्यक्ष होत. एका वर्षी पुण्याहून नवीनच आलेला एक इंजिनिअर सभेत उठून म्हणाला, "काका, मला आवडेल यार अध्यक्ष व्हायला." सभागृहात अशी शांतता पसरली की जणू त्यानं कोणाच्या ताटातली जिलबी उचलली. तो मुलगा पुढच्या वर्षी सिअ‍ॅटलकडे बॉथेलला निघून गेला. नोकरीसाठीच गेला असेल, पण आमच्याकडे आजही तो किस्सा दबक्या आवाजात सांगतात.

बाबांना राजकारणाकडे ओढलं ते मिसेस टली नावाच्या बाईंनी, त्यांच्या नकळत. त्या शाळेच्या बसचालकाच्या विधवा. त्यांच्या घराचं कर्ज फार पूर्वी बाबांनीच दिलं होतं आणि ते नीट फिटत आलं होतं. मग त्या वर्षांत घराघरांत फोन यायला लागले, जुनं कर्ज मोडा, नवीन घ्या, हप्ता कमी होईल. कुठल्याशा दलालानं बाईंच्या गळ्यात असं एक कर्ज बांधलं की ज्याचं व्याज थोड्या काळानं एकदम उसळी मारे. घर गेलं. बाबांना कळलं तेव्हा बाईंचा सोफा आणि शिवणयंत्र फुटपाथवर आलं होतं. त्या शनिवारी बाबा आमची गाडी घेऊन गेले आणि त्यांचं सामान बहिणीकडे पोचवून आले. रात्री ते चार घास खाऊन उठले. मग हात धुताना नळ तसाच सोडून म्हणाले, "याच्यावर कायदा पाहिजे. मी नुसता पाहून राहिलो." असे वऱ्हाडी शब्द ते फक्त आतून हलले की बोलत. पुढे कोलंबसला राज्याच्या विधानसभेत अशा कर्जांवर सुनावणी झाली तेव्हा बाबा रजा काढून साक्ष द्यायला गेले आणि घराची कर्जं कशी फिरवली जातात ते त्यांनी सगळ्यांना कळेल असं सांगितलं. त्यांच्यानंतर घरं बांधणाऱ्या कंपन्यांचा एक वकील उठला, डेंटन त्याचं नाव. त्यानं गोड आवाजात सांगितलं की कायद्याची काही गरज नाही, लोकांनी नीट वाचून सही करावी.

त्याच शरद ऋतूत आमच्या मतदारसंघाचे म्हातारे आमदार तब्येतीमुळे मध्येच निवृत्त झाले. आमच्याकडे अशी जागा रिकामी झाली की लगेच निवडणूक होत नाही; पक्षाची स्थानिक समिती एक नाव सुचवते आणि बहुतेक वेळा तोच माणूस जाऊन बसतो. या समितीच्या अध्यक्ष मिसेस हॅलोरन, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सुनावणीत त्यांनी बाबांना ऐकलं होतं. त्यांनी फोन करून विचारलं, तुमच्याकडे येऊन बोलले तर चालेल का? आईनं त्यांना जेवायलाच बोलावलं.

आईनं मसालेभात केला, अळूवड्या केल्या, दही टांगून श्रीखंड केलं. मिसेस हॅलोरन सडसडीत, ताठ, पांढऱ्या केसांच्या. त्या "नो, थँक यू" म्हणाल्या आणि आईनं त्यांच्या पानात आणखी दोन पुऱ्या घातल्या. बाईंनी एकदा पुऱ्यांकडे आणि एकदा आईकडे पाहिलं आणि निमूटपणे खाल्ल्या. मग त्यांनी रुमालानं ओठ टिपले आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"सुधा, ही जागा भरायची आहे. तुमची साक्ष मी विसरलेले नाही. तुम्हाला यायची इच्छा आहे का?"

बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आनंदानं झाल्या होत्या, हे घरातल्या आम्ही दोघींनी ओळखलं.

"छे, छे," बाबा हसून म्हणाले. "बँकेतल्या माणसाचं काय काम तिथे? तुमच्याकडे माझ्याहून चांगली माणसं कितीतरी असतील."

"म्हणजे तुमची इच्छा नाही?"

"मी त्या योग्यतेचा नाही," बाबा आणखी नम्र होत म्हणाले.

मिसेस हॅलोरननी मान डोलावली. मग म्हणाल्या, "स्पष्ट सांगितलंत, बरं केलंत. पुष्कळ लोक हो म्हणतात आणि मग अर्ध्यावर सोडतात." त्यांनी श्रीखंडाची वाटी संपवली, आईला कृती विचारली आणि त्या गेल्या. खरं सांगते, मला काही खटकलं नाही. मी इथे जन्मलेली, शाळेत दिवसभर इंग्रजी बोलणारी, पण जेवणाच्या टेबलावर हे संभाषण मी जन्मभर ऐकत आले होते. फक्त त्या दिवशी ते इंग्रजीत झालं.

दार लागताच आई म्हणाली, "छान बोललात. एकदम हुरळला नाहीत. परवा-तेरवा परत विचारतील." बाबा शीळ घालत भांडी घासायला लागले. पुढचे दिवस घरात सण असल्यासारखे गेले. बाबा मोबाइल घेऊन बाथरूममध्ये जात. आई शपथविधीला कुठली साडी नेसायची इथवर पोचली होती. पैठणी भपकेबाज दिसेल, नारायणपेठ बरी, असं तिनं मला दोन्ही पदर दाखवून सांगितलं. बाबा जेवताना मध्येच थांबून म्हणत, "पहिल्यांदा घराच्या कर्जाचंच बिल आणायचं." मनात मांडे खायचे तर तूप तरी कशाला कमी घ्यायचं! फोन मात्र वाजला नाही.

मग एका सकाळी वर्तमानपत्रात डेंटनचा फोटो आला. समितीच्या अध्यक्षांची पसंती डेंटन यांना, शनिवारी समितीचं मतदान. खाली एक ओळ होती, की एका स्थानिक बँकरलाही विचारण्यात आलं होतं, मात्र त्यांनी नकार दिला. बाबांनी ती ओळ मोठ्यानं वाचली. मग चष्मा कपाळावर ढकलून पुन्हा वाचली.

"मी कुठं नकार दिला?"

"बाबा, यू सेड नो," मी म्हणाले. नाश्त्याच्या सीरियलचा चमचा माझ्या हातात तसाच होता. "तिनं विचारलं इच्छा आहे का, तुम्ही म्हणालात छे छे. मग तिनं परत विचारलं, तर म्हणालात मी लायक नाही."

"ते 'नाही' नव्हतं गं मुक्ते!"

"मग काय होतं?"

"ते… तसं म्हणावं लागते पहिल्यांदा."

"पहिल्यांदा नकोच म्हणतात," आई त्यांच्या बाजूनं म्हणाली, पण तिचा आवाज खाली आला होता. "त्यांनी पुन्हा यायला हवं होतं."

"आई, इथे कोणी पुन्हा येत नाही! तुम्ही नो म्हटलं की दे मूव्ह ऑन. तिला वाटलं ती तुमचा रिस्पेक्ट करतेय!"

बाहेर शेजारच्यांचा पानं उडवायचा पंखा घरघरत होता. बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. त्यांचा चेहरा मला बघवेना. मला त्यांचा रागही आला आणि दयाही आली. एवढी शिकलेली, हुशार, दुसऱ्यांचे कागद एका नजरेत वाचणारी दोन माणसं, आणि स्वतःच्या सभ्यतेच्या खड्ड्यात दोघंही हात धरून पडली होती. पडली ती पडली, वर जागा गेली कोणाला, तर मिसेस टलींना 'नीट वाचायला हवं होतं' म्हणणाऱ्या माणसाला.

बातमी मंडळात पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी डॉक्टर काका आले. सोफ्यावर बसून ते पुष्कळ वेळ समजुतीचं बोलले. "सुधाकर, जे झालं ते बरंच झालं. आता त्यांच्या मागे जाऊ नकोस. मागून मिळवलेल्या मानाला मान म्हणत नाहीत. लोक म्हणतील, खुर्चीसाठी दारोदार फिरतोय." बाबा मान डोलवत होते. त्या मान डोलवण्यानं माझा जीव खाली वर होत होता. आई ओट्याशी चहा करत होती. गॅस बंद करून ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"डॉक्टर, भीड ही भिकेची बहीण. त्या बाईचं शिवणयंत्र फुटपाथवर आलं तेव्हा आपल्या कोणाच्या मानाचा तिला उपयोग झाला? मान घेऊन काय करायचंय? यांना तिथं काम करायचंय. करायचंय ना हो?"

बाबांनी वर पाहिलं. त्यांची मान डोलायची थांबली. डॉक्टर काका उठले. "निघतो. चहा नको." आईनं आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतः मिसेस हॅलोरनना फोन केला. मी जिन्यावर बसून ऐकत होते. बाबा बराच वेळ आपल्याकडच्या रीतींबद्दल बोलत राहिले, मग गप्प झाले, मग नुसतेच "हो", "हो", "समजलं." फोन ठेवून ते म्हणाले, "त्यांनी डेंटनला शब्द दिलाय, त्या माझं नाव सुचवू शकत नाहीत. पण सभेत पक्षाचा कोणीही सभासद, म्हणजे मीही, स्वतः उभा राहून जागा मागू शकतो. स्वतःच मागावी लागते. दुसऱ्या कोणी सुचवून चालत नाही."

"मग मागा," आई म्हणाली.

मी शाळेच्या वादविवाद संघात होते, त्यामुळे मास्तरकी माझ्याकडे आली. शाळेतून आले की स्वयंपाकघरात तालीम. बाबा फ्रिजजवळ उभे, मी आणि आई म्हणजे समिती. पहिलं वाक्य मी ठरवून दिलं होतं: मला ही जागा हवी आहे. इंग्रजीत चार शब्दांचं. बाबा घसा साफ करून सुरू करत, "सभासदांना जर असं वाटत असेल की माझा काही उपयोग…"

"नो इफ, बाबा!"

"सर्वांच्या इच्छेला मान देऊन…"

"कोणाची इच्छा? कोणी इच्छा केलेली नाहीये! तुमची इच्छा सांगा!"

"अगं, घशातून निघत नाही ते," बाबा काकुळतीला येऊन म्हणाले. "तू अमेरिकन आहेस. तुला सोपं आहे."

"तुम्हीपण आहात. तुम्ही तर नागरिकत्वाची परीक्षा देऊन झालात. मी नुसती जन्मले."

आई हसली. बाबाही हसले, पण मग ते स्टुलावर बसले आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मी तोपर्यंत ऐकली नव्हती. त्यांची आई त्यांना घेऊन नातेवाइकांकडे जायची तेव्हा वाटेत बजावून ठेवायची, की कोणी खायला विचारलं तर पोट भरलंय म्हणायचं. घरी गरिबी होती, आणि गरीब आहे म्हणून खायला आला असं कोणी म्हणू नये, यासाठी ती माउली जिवाचं रान करायची. एकदा एका घरी त्यांनी समोरची बशी पाहून "मला हवंय" म्हटलं. परत येताना आई रस्ताभर रडली. मारलं नाही, रागावली नाही, नुसती रडली. "तेव्हापासून," बाबा म्हणाले आणि वाक्य तसंच सोडून भाताचा कुकर उतरवायला उठले. मी त्या दिवशी पुढची तालीम घेतली नाही. आज मी स्वतः आई आहे आणि माझी मुलं दिवसातून हजारदा 'आय वॉन्ट' म्हणतात. मी वैतागते, पण त्यांना गप्प करत नाही. आजीच्या त्या रडण्याला माझ्या घरात तेवढंच उत्तर देता येतं.

शनिवारी सकाळी मी गाडी चालवली. परवाना नवा होता आणि बाबा मनातल्या मनात ते वाक्य घोकत होते. सभा वाचनालयाच्या हॉलमध्ये होती. घडीच्या खुर्च्या, कागदी पेल्यांत कॉफी, डोनटचे खोके. आईनं नारायणपेठ नेसली होती. त्या स्वेटर-जीन्सच्या गर्दीत ती एकटीच जरीची होती आणि तिला त्याचं काहीही वाटत नव्हतं. डेंटन बोलला. छान बोलला, विनोद केले, सगळ्यांना नावानं हाका मारल्या. मग मिसेस हॅलोरननी विचारलं, "आणखी कोणी?"

बाबा हलले नाहीत. मी त्यांच्या गुडघ्याकडे बघत होते. आता उठतील, आता उठतील. आई समोर बघत बसली होती. तिनं कोपर मारलं नाही की कानात काही सांगितलं नाही. मिसेस हॅलोरनची नजर आमच्या रांगेवरून फिरली आणि पुढे गेली. त्यांनी समोरचा कागद उचलला. पुन्हा विचारणार नव्हत्याच त्या.

खुर्ची मागे कोसळल्याचा मोठा आवाज झाला. बाबा उभे होते. इतक्या जोरात उठले होते की खुर्ची उलटली होती.

"मी," ते म्हणाले. मग सावरून, "मला ही जागा हवी आहे."

माना वळल्या. कॉफीच्या टेबलाजवळ उभा असलेला एक आडदांड माणूस, ट्रॅक्टर विकायचा तो, म्हणाला, "पेपरात तर होतं तुम्ही नाही म्हणालात. आता कोणी उभं केलंय तुम्हाला?"

हा प्रश्न आम्ही तालमीत धरलाच नव्हता. मंडळात असता तर या प्रश्नावर माणूस शरमेनं खाली बसला असता. बाबांनी त्या माणसाकडे सरळ पाहिलं.

"कोणी नाही. मी स्वतःच उभा आहे. नाही म्हणालो ती माझी चूक होती. मला वाटलं, मागणं कमीपणाचं असतं." ते थांबले. "माझ्या टेबलासमोर एक खुर्ची आहे. वर्षानुवर्षं माणसं त्या खुर्चीत बसून मला सांगत आली की आम्हाला घर हवंय, दुकान हवंय, बियाण्याला पैसे हवेत. तुमच्यातलेही काही बसलेत तिथं. मी टेबलाच्या आतल्या बाजूला होतो, मला त्याचं काय वाटायचं! त्या खुर्चीत बसायला किती लागतं, हे मला आज इथं येईपर्यंत माहीत नव्हतं. ज्यांची घरं चालली आहेत त्यांना मागायलाही कोणी समोर नाही. मला विधानसभेत जाऊन त्यांच्यासाठी मागायचंय. आणि त्यासाठी आधी तुमच्याकडे मागतोय. मला तुमचं मत हवंय."

मी शिकवलेलं यातलं पहिलं वाक्य सोडून काहीही नव्हतं. आईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगडीचा वळ उठला.

हात वर करून मतदान झालं. बाबा हरले. पुष्कळ हात वर आले होते, डेंटनच्या माणसांनी चुळबुळ करत मोजणी पुन्हा करवून घेतली, पण हरले ते हरलेच. जागा डेंटनला गेली. पण ती उरलेल्या मुदतीपुरती; मार्चमध्ये पुढच्या निवडणुकीसाठी पक्षांतर्गत मतदान होतं आणि तेव्हा उमेदवार समिती नाही, लोक ठरवणार होते. बाबांनी डेंटनशी हात मिळवला, पडलेली खुर्ची उचलून नीट ठेवली आणि आम्ही बाहेर आलो.

पार्किंगमध्ये वारं बोचत होतं. आई मागे बसली, मी गाडी सुरू केली, हीटर लावला. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते दिसू नये म्हणून मी आरसे ठीक करत बसले. बाबांनी पुढचं दार उघडलं, एक पाय आत ठेवला आणि ते वाचनालयाच्या दाराकडे बघत राहिले. तिथे सभेतली माणसं घोळक्यानं उभी होती, कोणी सिगारेट ओढत, कोणी कोटाची बटणं लावत.

"काय झालं?" मी विचारलं.

बाबांनी पाय बाहेर घेतला आणि दार लावून टाकलं. कोटाची कॉलर वर करून ते परत चालत गेले, थेट त्या ट्रॅक्टरवाल्याकडे. त्यानं हात वर केला नव्हता, मी पाहिलं होतं. बाबांनी हात पुढे केला. ते काय बोलत होते ते काचेतून ऐकू येत नव्हतं, पण त्या माणसानं डोनटचा तुकडा घाईघाईनं दुसऱ्या हातात घेतला आणि बाबांचा हात हातात घेतला. मग बाबा त्याच्या शेजारच्या बाईकडे वळले. मग तिच्या मागच्या म्हाताऱ्याकडे.

आई काचेला नाक लावून बघत होती.

"गाडी बंद कर, मुक्ता," मग ती म्हणाली. "त्यांना वेळ लागेल."